निखाऱ्यावरचा टोप: महाड-पोलादपूरकडच्या एका जेवणाचा इतिहास



मुंबई-गोवा महामार्गावर महाड सोडलं आणि पोलादपूरच्या दिशेला लागलं, की रस्त्याच्या कडेला पाट्या सुरू होतात. ‘चुलीवरची गावठी कोंबडी’, ‘चुलीवरचं मटण’, ‘घरगुती जेवण, तांदळाची भाकरी’. पुढे कशेडीचा घाट, डावीकडे महाबळेश्वरला चढणारा आंबेनळीचा. मुंबईची गाडी थांबते, मंडळी उतरतात, चुलीचे फोटो काढतात, जेवतात आणि पुढे जातात. मीही जेवलेय. चांगलं असतं. पण दर वेळी मनात येतं, की हे जेवण विकणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र गॅस आहे, कुकर आहे आणि चूल असलीच तर ती मागच्या पडवीत, अंघोळीचं पाणी तापवायला.

माझी एक भाची महाडला राहते. नवरा-बायको दोघंही एमआयडीसीत कामाला, शिफ्टची नोकरी, दोन मुलं. तिनं मध्यंतरी स्लो कुकर मागवला. मला कौतुकानं सांगत होती, ‘आत्या, सकाळी सातला कोंबडी टाकते, बटण फिरवते, घरी येईस्तोवर रस्सा तयार. आल्यावर फक्त भाकऱ्या थापायच्या.’ माझी आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘यात नवीन काय? आम्ही पण वैलावर टोप ठेवून शेतावर जायचो.’

आजचं व्याख्यान या दोन बायकांच्या बोलण्यातून निघालंय. विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हा काय इतिहासाचा विषय झाला! महाड म्हटलं की रायगड, पोलादपूर म्हटलं की उमरठ, तानाजी मालुसऱ्यांची समाधी. ते आहेच. पण घरातल्या माणसांना कामावर जायचंय आणि कोंबडी तर शिजायचीय, हा प्रश्नही जुना आहे, आणि तो कोणी कसा सोडवला याला इतिहास आहे.

आधी भाचीच्या यंत्राचं बघू. अमेरिकेत शिकागोला आयर्विंग नॅक्सन नावाचा एक इंजिनिअर होता. त्याची आई लिथुआनियातली. ती त्याला आपल्या लहानपणची गोष्ट सांगायची. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ. त्या काळात काम करायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही. मग शनिवारी गरम जेवायचं कसं? तर शुक्रवारी दुपारी घरोघरच्या बायका मांस, कडधान्य, कंद असं सगळं एका मडक्यात भरून गावच्या बेकरीत पाठवायच्या. बेकरीची भट्टी बंद झाली तरी विटा रात्रभर गरम राहतात. दुसऱ्या दिवशी मडकं घरी आणायचं. या पदार्थाला चोलंट म्हणतात. नॅक्सननं ही गोष्ट ऐकून विजेवर चालणारं मडकं बनवलं, त्याचं पेटंट त्याला १९४० साली मिळालं. फार काही गाजलं नाही ते. १९७० मध्ये त्याचा धंदा रायव्हल नावाच्या कंपनीनं विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावानं बाजारात आणलं. त्या दशकात अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येनं नोकरीला बाहेर पडत होत्या. भांडं धडाधड खपलं.

आता गंमत बघा. शब्बाथ पाळणारी माणसं आपल्या याच जिल्ह्यात शेकडो वर्षं राहत होती. बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावला त्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१ पासूनचं) ही मंडळी तेलाचे घाणे चालवायची, मराठी बोलायची, पेणकर, रोहेकर अशी आडनावं लावायची. शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आजूबाजूच्या गावांना धर्म ठाऊक नव्हता, पण अमुक दिवशी या घरात काम होत नाही एवढं बरोब्बर कळलं होतं. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. नॅक्सनच्या मडक्याशी त्यांचा संबंध जोडायचा नाही मला. मात्र हातांना सुट्टी हवी आणि जेवण तर हवं, ही अडचण विल्नात होती तशीच कुलाब्यातही होती.

आपल्या बाजूच्या चुलीकडे येऊ.

मातीची चूल म्हणजे नुसते तीन दगड नव्हेत. पुढचं तोंड, तिथे जाळ. त्याच्या मागं किंवा बाजूला आतून भोकानं जोडलेलं दुसरं तोंड, तो वैल. वैलाला स्वतःचं जळण नाही. पुढच्या चुलीची उरलेली धग तिकडे जाते. म्हणजे पुढे तव्यावर भाकरी चाललीय आणि मागे वैलावर काहीतरी संथपणे रटरटतंय. भाकरीला मोठा जाळ लागतो आणि माणूस समोर लागतो, डोळा हलवता येत नाही. तांदळाची भाकरी तर फारच मानी. उकड चांगली मळली नाही, तवा जरा कमी तापला, की चिरली. रश्श्याचं तसं नाही, त्याला कमी धग पुरते. म्हणून ही दोन तोंडांची रचना. कोणी बनवली माहीत नाही, पण ज्या बाईनं पहिल्यांदा ते भोक पाडलं तिला मी इंजिनिअरच म्हणेन.

कोंबडीला इतका वेळ का लागायचा? कारण ती कोंबडी वेगळी होती. गावातली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरत, पडवीतून वाडीत आणि वाडीतून शेजाऱ्याच्या परसात फिरायची. अंडी देते तोवर तिला कोणी कापत नसे, ती घरातल्या बाईची मिळकत होती. अंडी विकून मीठ-मिरची, कधी पोराची पाटी. अंडी बंद झाली किंवा कोंबडा माजला की मग सण, नवस, नाहीतर पाहुणा. म्हणजे टोपात पडायचा तो वर्ष-दोन वर्षांचा, पायात ताकद असलेला पक्षी. त्याच्या मांसात जोडतंतू घट्ट असतात. ते तंतू साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतात आणि त्याचा चिकट रस होतो. ‘रस्सा हाताला चिकटतो’ असं आपण कौतुकानं म्हणतो ना, तो हाच. पण त्याला तास लागतात. मोठ्या जाळावर भसाभसा उकळलं तर मांस आवळतं आणि बाहेरून चोथा होतो.

म्हणून पद्धत अशी होती. टोपात तेलावर कांदा, मग हळद-मीठ-आलं-लसूण लावलेली कोंबडी. पाणी घालायचं नाही. वर ताट, आणि त्या ताटात पाणी. हे ताटातलं पाणी तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अजून ठेवत असतील. आतली वाफ वर येते, ताटाच्या थंड बुडाला लागते, थेंब होऊन परत खाली पडते. आतला रस आतच. वरचं पाणी हळूहळू गरम होतं, आणि खाली कोरडं वाटलं तर तेच गरम पाणी आत ओतायचं, म्हणजे उकळी मोडत नाही. स्लो कुकरचं जड काचेचं झाकण हेच काम करतं. भाचीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणून पुस्तिकेत लिहिलंय का, झाकण उघडू नका?’ म्हटलं, म्हणूनच. आमच्या आजोळी झाकण उघडणाऱ्या पोराच्या हातावर फुंकणी बसायची. (हशा)

इथवर सगळं छान आहे. हायवेवरच्या पाटीलाही चालेल. पण आईला मी पुढे विचारलं, ‘तू शेतावर जायचीस, मग टोपाकडे कोण बघायचं?’

आई जरा थांबली. म्हणाली, ‘थोरली.’

थोरली म्हणजे माझी मावशी. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची. निखारे विझले तर फुंकायचे, फार भडकले तर ओढायचे, ताटात पाणी आहे ना बघायचं, मांजर हाकलायची आणि हे सगळं धाकट्या भावंडाला काखेत घेऊन. मावशी चौथीच्या पुढे शिकली नाही. लावणीच्या दिवसांत शाळेत गैरहजेरी पडत गेली आणि एका वर्षी नाव कटलं. कुणी दुष्टपणा केला असं नाही. घरात मोठं माणूस उरत नव्हतं, एवढंच.

का उरत नव्हतं? महाड-पोलादपूरची शेती बघा. खाचरात भात, डोंगरउतारावर वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. लावणी आली की आठ-पंधरा दिवस सगळ्या हातांची गरज एकदम लागते. आणि पुरुष गावात नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी-कुलाब्याची माणसं तिकडे निघाली. महाड तेव्हा सावित्रीच्या खाडीनं समुद्राशी जोडलेलं. बाणकोटहून भरतीबरोबर होड्या आत यायच्या, दासगाव-महाडपर्यंत. त्याच पाण्यानं माणसं बाहेर गेली. चाकरमानी गणपतीला येणार, शिमग्याला येणार, पैसे पाठवणार. शेत, गुरं, म्हातारी माणसं, जळण, पाणी आणि रांधप हे मागे राहिलेल्या बाईकडे. गिरणगावच्या इतिहासावर आपल्याकडे उत्तम काम झालंय. गिरणीच्या भोंग्यावर कामगाराचा दिवस कसा बांधला गेला हे आपण वाचतो. त्या भोंग्यानं पोलादपूरच्या डोंगरातल्या बाईचाही दिवस बांधला होता, तिला तो ऐकू येत नव्हता इतकंच.

मंद आचेवर शिजवणं म्हणजे निवांतपणा, जुन्या काळी लोकांकडे वेळ होता म्हणून ते सावकाश रांधायचे, असं आज सर्रास बोललं जातं. मला हे पटत नाही. ज्याच्याकडे वेळ आहे तो टोपाजवळ बसतो. ज्याच्याकडे नाही तो निखारे राखेत दाबून, टोप ठेवून निघतो. आणि निघता यावं म्हणून कुणीतरी एक जण, बहुतेक वेळा एक मुलगी नाहीतर म्हातारी, मागे बांधली जाते. विजेच्या भांड्यात थर्मोस्टॅट असतो. आमच्याकडे थर्मोस्टॅट थोरली होती.

आता जळण. ही बाजू आपण नेहमी विसरतो. निखारा राहायचा तर जाड लाकूड लागतं, पालापाचोळ्याचा निखारा होत नाही. आणि कुलाबा-ठाण्याकडे भातशेतीची एक रीत आहे, राब. पावसाआधी रोपाच्या वाफ्यावर शेण, फांद्या, पाला, पेंढा पसरून जाळायचा, मग त्यात भात पेरायचं. म्हणजे तीच फांदी आणि तेच शेण राबालाही हवं आणि चुलीलाही. १८७८ चा जंगल कायदा आला, सरकारी राखीव जंगलं आखली गेली, आणि फांद्या तोडण्यावरून ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली, की सरकारला १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. त्यात राबाची चर्चा आहे, कारण राब म्हणजे पीक आणि पीक म्हणजे महसूल. चुलीला एवढं महत्त्व कोण देणार? पण फांदी बंद झाली की मोळीसाठी चार मैल जास्त चालायचं कोणाला, हे उघड आहे.

आणि पाणी. महाडात उभं राहून स्वयंपाकाचा इतिहास सांगायचा आणि पाण्याबद्दल बोलायचं नाही, हे शक्य नाही. मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, १९ आणि २० तारखेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष. हजारोंची जेवणं करायची होती. चवदार तळं गावाच्या मधोमध, नगरपालिकेनं ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ चा, पण प्रत्यक्षात अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं! तांदूळ-डाळीच्या हिशेबाच्या शेजारी पाण्याचा हिशेब. २० तारखेला बाबासाहेबांच्या मागोमाग सगळे तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मंडपावर चालून आला. तिथे काही जण जेवत होते. माणसांना मारलं, भांडी उधळली, शिजलेलं अन्न मातीत मिसळलं.

सत्याग्रहाचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये लागला, तेही माहीत असेल. मला आज फक्त त्या मातीत मिसळलेल्या अन्नाकडे लक्ष वेधायचंय. ताटातलं ते पाणी, ज्यानं कोंबडी मऊ होते म्हणून आपण आत्ता कौतुक केलं, ते आणायला कोण किती लांब जाणार आणि कोणत्या पाणवठ्यावर तिला उभं राहू देणार, हे जातीवर ठरत होतं. ‘पूर्वीची साधी, चविष्ट पद्धत’ असं म्हणताना ही गोष्ट पाठीशी ठेवलेली बरी.

तुमच्यापैकी कुणीतरी मनात म्हणत असेल, बाई पोपटीवर कधी येणार? येते.

पोपटी म्हणजे रायगडची शान, यात वाद नाही. भात निघालं की त्याच खाचरात जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरतात. मग मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा, वरून पुन्हा पाल्याचा बोळा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन उडालं की झालं. पाल्याचा तो कडसर वास शेंगांना लागतो. एकदा खाल्लेला माणूस विसरत नाही.

पण पोपटी लावतं कोण? शेतात, रात्री, थंडीत, कापणी-झोडणी उरकल्यावर, मुलगे आणि बाप्ये. हौस आहे ती. आणि हौसेच्या रांधपाला नाव मिळतं, गाणी मिळतात, हल्ली महोत्सव मिळतात. रोजच्या वैलावरच्या टोपाला नाव नाही. माझ्या आईला विचारलं, ‘त्या कोंबडीला तुम्ही काय म्हणायचात?’ तर म्हणाली, ‘कोंबडी.’

इकडे मुंबईत काय चाललं होतं? चाळीच्या खोलीत सात-आठ चाकरमानी, ड्युट्या वेगवेगळ्या. बहुतेक खानावळीत जेवायचे. ज्यांच्या खिशात जरा जास्त होतं, म्हणजे कारकून, मास्तर, एकटे राहणारे वकील, त्यांच्याकडे त्या काळी एक नवलाची वस्तू आली होती, इकमिक कुकर. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० मध्ये तो काढला. पितळी नळकांडं, तळाशी कोळशाची छोटी शेगडी, थोडं पाणी, आणि वर डब्यावर डबे: भात, डाळ, भाजी किंवा मांस. सकाळी कोळसा पेटवून लावून जायचं, परत येईपर्यंत वाफेवर सगळं तयार. नॅक्सनच्या पेटंटच्या तीस वर्षं आधी, विजेशिवाय! हिंदुस्थानात बनलेला स्लो कुकरच तो. आणि बघा, तो कुणासाठी बनला? घरात बाई नसलेल्या पुरुषासाठी. ज्या घरात बाई आहे तिथे यंत्राची गरज कुणाला वाटत नव्हती.

पुढे १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टीजचे प्रेशर कुकर आले आणि खेळच उलटला. वाफ कोंडली की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि जे काम तीन तासांचं ते पाऊण तासाचं होतं. गिरणीतल्या माणसानं गणपतीला गावी येताना कुकर आणणं ही त्या काळातली मोठी गोष्ट. आमच्या आजोळी तो दोन वर्षं माळ्यावर होता, कारण शिटीला आजी घाबरायची.

पण खरा बदल भांड्यानं केला नाही, कोंबडीनं केला. सत्तरच्या दशकात देशात ब्रॉयलरचा धंदा उभा राहायला लागला. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे तिचा कारभार पुण्यातून वाढला. ब्रॉयलर पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. त्याला पळायचं नाही, उकरायचं नाही. त्याचे तंतू घट्ट व्हायच्या आत तो टोपात येतो, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो. वैल, ताटातलं पाणी, पुरलेले निखारे हे सगळं ज्या अडचणीवरचं उत्तर होतं ती अडचणच गेली. त्याबरोबर आणखी एक गेलं, ते फार कमी जण बोलतात. बाईची अंड्यांची मिळकत. बाजारात पिंजऱ्यातलं पांढरं अंडं आल्यावर परसातल्या चार कोंबड्यांच्या अंड्यांवर मीठ-मिरची भागेनाशी झाली. कोंबडी रोजची झाली आणि तिच्या हातातून गेली.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, बरेच जण गावी परतले. महाडला एमआयडीसी आली, रासायनिक कारखाने आले. आता पुरुष आणि बायका दोघंही कामाला, पण संध्याकाळी घरी येतात. थोरल्या मुली शाळेत जातात, कॉलेजात जातात. टोपाजवळ बसायला कुणीच नाही, आणि हे मला फार चांगलं वाटतं. भाचीच्या घरी ते विजेचं भांडं ओट्यावर एकटंच असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मावशीची आठवण आली.

तर हे झालं. बाकी प्रश्नोत्तरं.

(एका श्रोत्यांनी विचारलं: ब्रॉयलर वीस मिनिटांत शिजतो म्हणता, मग भाची स्लो कुकर का वापरते?)

चांगला प्रश्न. कारण वीस मिनिटंसुद्धा तिला संध्याकाळीच द्यावी लागतात, मुलांच्या अभ्यासाच्या वेळी. सकाळी सातला दिलेली पंधरा मिनिटं तिला स्वस्त पडतात. मात्र ब्रॉयलरचं बोनलेस टाकलं तर आठ तासांनी खीर होते. ती हाडासकट घेते, मोठे तुकडे, शक्यतो मांडीचे. गावठी मिळाली तर उत्तम, त्या भांड्याचं सोनं होतं.

(दुसरा प्रश्न: नेमकं करते कसं, ते सांगा.)

सांगते की. एक किलो कोंबडी, रात्री हळद, मीठ आणि आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण लावून फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये नाही, गोठलेली कोंबडी त्या भांड्यात कधीच टाकायची नाही, ती फार वेळ कोमट राहते आणि बिघडते. सकाळी दोन कांदे तेलावर लाल करायचे, दोन चमचे घरचा मसाला, त्यात कोंबडी दोन मिनिटं परतायची आणि गरम गरमच भांड्यात ओतायची. पाणी अर्धी वाटी, बस्स. नेहमीच्या सवयीनं दोन तांबे ओताल तर रस्सा नाही, पाणी खाल. मंदवर सहा तास. तिच्या भांड्याला टायमर आहे, तेवढ्या वेळानंतर ते आपोआप नुसतं गरम राखतं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण मात्र सकाळी घालायचं नाही, खोबरं इतका वेळ शिजलं की तेल सोडून फाटतं. घरी आल्यावर घालायचं, आच वाढवायची, अर्धा तास. तेवढ्यात भाकऱ्या होतात. आणि पावसाळ्यात महाडला वीज जाते. दिवसभर गेलेली असेल, कोंबडी अर्धवट शिजून थंड झालेली असेल, तर जीव नका लावू, फेकून द्या. म्हणून ती जून-जुलैत प्रेशर कुकरच लावते.

(मागच्या रांगेतून एक ताई म्हणाल्या: आमच्या सासूबाई लावणीला जाताना कोंबडीचा टोप उकळी आणून भाताच्या तुसात पुरायच्या. लाकडी पेटी होती, वर गोधडी. निखारे नाहीत आणि माणूसही नाही.)

अहो, काय सांगता! हे मला माहीत नव्हतं. महायुद्धाच्या काळात युरोपात गवत भरलेल्या पेटीत असंच शिजवायचे, इंधन वाचावं म्हणून. पण आपल्याकडे, तुसात... कुठलं गाव तुमचं? पोलादपूरच्या वरच्या अंगाला? ती पेटी अजून आहे? मग ताई, कार्यक्रम झाल्यावर पाच मिनिटं थांबा. किती वेळ उकळायच्या, तूस किती जाड असायचं आणि घरी आल्यावर टोप किती गरम असायचा, हे मला नीट लिहून घ्यायचंय.